रोल उघडण्याआधी: बल्गेरियन स्त्री-वास्तुविशारदाची ड्रॉइंग्ज जपण्याची आणि त्यांतून कारकीर्द मांडण्याची पद्धत

मिल्का ब्लिझ्नाकोव यांचा जन्म १९२७ साली काळ्या समुद्राकाठच्या वार्ना शहरात झाला. १९५१ मध्ये त्या सोफियाच्या राज्य पॉलिटेक्निकमधून वास्तुविशारद झाल्या. १९५९ मध्ये त्यांनी बल्गेरिया सोडला आणि फ्रान्समार्गे अमेरिका गाठली. कोलंबिया विद्यापीठातून १९७१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट घेतली, विषय होता क्रांतीनंतरच्या सोव्हिएत रशियातली आधुनिक वास्तुकला. १९७४ पासून त्या व्हर्जिनिया टेकमध्ये शिकवू लागल्या. १९८५ मध्ये त्यांनी तिथेच, ब्लॅक्सबर्गला, 'इंटरनॅशनल आर्काइव्ह ऑफ विमेन इन आर्किटेक्चर' हा संग्रह उभा केला. विद्यापीठाचं वास्तुकला महाविद्यालय आणि ग्रंथालय मिळून तो चालवतात. वास्तुविशारद स्त्री निवर्तली की तिची ड्रॉइंग्ज रद्दीत जातात आणि रद्दीबरोबर तिचं नावही जातं, हे त्यांना दिसत होतं. म्हणून जगभरच्या वास्तुविशारद स्त्रियांना पत्रं पाठवून त्यांनी कागद मागवले. स्त्रिया या पेशात मोजक्याच होत्या त्या काळातल्या पिढीवर त्यांचा भर होता. २०१० मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नावाचं संशोधन-पारितोषिक आजही दिलं जातं.

अशा संग्रहातला एखादा रोल, म्हणजे गुंडाळलेल्या ड्रॉइंग्जची वळकटी, हाती आला तर काय करायचं, हे इथे सांगितलं आहे. उदाहरणं बल्गेरियाची आहेत, कारण तिथल्या कागदांत काही खास अडचणी आहेत. कागदाची निगा मात्र सगळीकडे एकच. सबंध कामात एक गोष्ट सांभाळायची: कागद आणि त्यावरचं नाव यांची ताटातूट होऊ द्यायची नाही. कागद वाचला पण तो कोणी काढला हे सांगता आलं नाही, तर अर्धं काम वाया गेलं.

आधी हात लावू नका, नोंद करा

ड्रॉइंग्ज बहुतेक वेळा कपाटावर, पलंगाखाली, पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या नळकांड्यांत मिळतात. पहिला मोह होतो तो सगळं उघडून जमिनीवर पसरण्याचा. तेच टाळा. ज्या क्रमाने रोल ठेवले होते तो क्रम हाच पुरावा असतो. एका नळकांड्यातल्या बारा शीट एकाच इमारतीच्या असण्याची शक्यता मोठी, आणि त्यांतल्या एकाच शीटवर सही असू शकते. त्या विखुरल्या की उरलेल्या अकरा अनाम होतात.

म्हणून सगळं जागेवर असतानाच फोटो काढा. प्रत्येक रोलला, फाइलला, पाकिटाला एक क्रमांक द्या. तो कागदावर लिहू नका. आम्लमुक्त कागदाची पट्टी घ्या, तिच्यावर शिसपेन्सिलीने क्रमांक लिहा आणि पट्टी सुती फितीखाली अडकवा. रबरबँड काढून टाका. तो वितळून कागदाला चिकटतो किंवा सुकून कडा कापतो. वहीत किंवा एक्सेलमध्ये एवढे रकाने पुरतात: क्रमांक, कुठे सापडला, बाहेरून दिसणारा मजकूर, अंदाजे शीट, लांबी, स्थिती (बुरशी, फाटणं, चिकटपट्टी, ओल). नळकांड्यावरचं हस्ताक्षर, टपालाचा शिक्का, वर गुंडाळलेलं वर्तमानपत्र हे सगळं नोंदवा. वर्तमानपत्रावरची तारीख रोल केव्हा बांधला ते सांगते, आत काय आहे ते नव्हे. हा फरक नोंदीत स्पष्ट राहू द्या.

बुरशी दिसली तर तो रोल लगेच वेगळ्या खोलीत न्या. ओलसर, केसाळ, बोट लागताच पसरणारी बुरशी जिवंत असते. सुकी आणि भुकटीसारखी असली तर झोपलेली. जिवंत बुरशी पुसायला जाऊ नका, ती कागदात आणखी खोल जाते. आधी हवेशीर, कोरड्या जागी सुकू द्या. मग एन-९५ मास्क आणि नायट्राइल हातमोजे घालून, हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने कमी ताकदीवर, मध्ये जाळी धरून ओढा.

कारकिर्दीचा तक्ता

कागद उघडण्याआधी एका पानावर तिच्या आयुष्याचा सांगाडा मांडा: जन्म, शिक्षण, नोकऱ्या, लग्न, गाव बदलणं, देश बदलणं. घरच्यांना विचारा. पदविका, पेन्शनचे कागद, ओळखपत्रं मागा. या तक्त्याशिवाय टायटल ब्लॉकवरची, म्हणजे ड्रॉइंगवरच्या नाव-तारीख-सह्यांच्या चौकटीतली, निम्मी माहिती निरर्थक वाटते.

बल्गेरियासाठी काही टप्पे पक्के लक्षात ठेवा. सोफियात उच्च तांत्रिक विद्यालय १९४२ मध्ये सुरू झालं. त्याआधीच्या पिढीला वास्तुकला शिकायला जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स अशा देशांत जावं लागे. त्यामुळे त्या काळातल्या बाईंची पदविका आणि विद्यार्थिदशेतली ड्रॉइंग्ज जर्मन किंवा फ्रेंचमध्ये असली तर दचकू नका. १९४५ मध्ये त्याच विद्यालयाचं राज्य पॉलिटेक्निक झालं. १९५३ मध्ये त्याची विभागणी होऊन बांधकाम आणि वास्तुकला वेगळ्या संस्थेत गेली. १९७७ मध्ये त्या संस्थेचं नाव पुन्हा बदललं, आणि १९९० च्या सुमारास तिचं वास्तुकला, बांधकाम व भूमापन विद्यापीठ झालं. म्हणजे दोघी एकाच संस्थेत शिकल्या असल्या तरी त्यांच्या पदविकांवर वेगवेगळी नावं असू शकतात. नोंदीत कागदावरचं नाव जसंच्या तसं लिहा आणि शेजारी आजचं द्या.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस खाजगी वास्तुव्यवसाय बंद झाला आणि वास्तुविशारद सरकारी रचना-संस्थांत नोकरीला लागले. 'ग्लावप्रोएक्त' आणि राजधानीसाठी 'सोफप्रोएक्त' ही नावं टायटल ब्लॉकवर वारंवार भेटतील. इथेच स्त्रियांचं नाव हरवतं. वर संस्थेचं नाव मोठ्या अक्षरांत, खाली गटप्रमुखाची सही, आणि प्रत्यक्ष आखणाऱ्या बाईंची आद्याक्षरं एका कोपऱ्यात. हे एकट्या बल्गेरियाचं दुखणं नाही. पेरिन मिस्त्री यांनी १९३६ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून वास्तुकलेची पदविका घेतली आणि वडिलांच्या फर्ममध्ये काम केलं. तिथेही कागदावर फर्मचं नाव आधी दिसतं, व्यक्तीचं शोधावं लागतं. म्हणून तक्त्यात नोकरीच्या प्रत्येक टप्प्यापुढे 'सही कशी करत' हा रकाना ठेवा आणि सहीचे नमुने पत्रांवरून, ओळखपत्रावरून जमवा.

लग्नानंतरचं आणि आधीचं, दोन्ही आडनावं लिहा. बल्गेरियात स्त्रीच्या आडनावाचा शेवट साधारणपणे -ओवा, -एवा, -स्का असा होतो. परदेशी गेल्यावर तो शेवटचा 'आ' बऱ्याचदा गळतो. ब्लिझ्नाकोव यांचंच पाहा: बल्गेरियन लेखनात 'ब्लिझ्नाकोवा', अमेरिकेत 'ब्लिझ्नाकोव'. दोन्ही रूपांनी शोध घेतला नाही तर एका देशातलं अर्धं आयुष्य सापडत नाही. रोमन लिप्यंतराचाही घोळ आहे. जुन्या कागदांवर फ्रेंच पद्धतीचं लेखन असतं, त्यामुळे 'च' ने सुरू होणारं नाव टी-सी-एच असं लिहिलेलं सापडतं. २००९ च्या कायद्याने ठरलेल्या आजच्या पद्धतीत तेच नुसतं सी-एच होतं. नोंदीत एक रूप मुख्य ठरवा आणि बाकीची सगळी 'पर्यायी नावं' म्हणून टाका.

१९१६ आधी जन्मलेल्या व्यक्तींच्या तारखा तपासून घ्या. बल्गेरियाने त्या वर्षी ज्युलियन दिनदर्शिका सोडली: ३१ मार्चनंतर थेट १४ एप्रिल आला. विसाव्या शतकातल्या त्याआधीच्या तारखांत तेरा दिवसांचा फरक पडतो. दोन कागदांवर दोन जन्मतारखा दिसल्या तर कोणाची चूक झाली असं लगेच धरू नका.

शीट वाचायची कशी

बल्गेरियन येत नसली तरी टायटल ब्लॉक वाचता येतो, कारण शब्द ठरावीक आहेत. 'फासादा' म्हणजे दर्शनी बाजू, 'राझरेझ' म्हणजे छेद, 'सितुआत्सिया' म्हणजे जागेचा आराखडा, 'देताइल' म्हणजे तपशील, 'माश्ताब' म्हणजे स्केल. 'सुतेरेन' तळघर, 'पार्तेर' तळमजला, 'एताझ' मजला, 'पोक्रिव' छप्पर. टप्प्यांचीही नावं असतात: 'इदेएन प्रोएक्त' म्हणजे संकल्पना, पुढे 'तेख्निचेस्की', आणि 'राबोतेन' म्हणजे प्रत्यक्ष बांधकामासाठीची ड्रॉइंग्ज. नोंदीत टप्पा जरूर लिहा. संकल्पनेची शीट आहे याचा अर्थ इमारत उभी राहिली असा होत नाही.

सह्यांच्या रकान्यांत 'प्रोएक्तान्त' (रचनाकार), 'चेर्ताल' (रेखाटलं) आणि 'प्रोवेरिल' (तपासलं) असे छापील शब्द असतात. ही क्रियापदं पुल्लिंगी छापलेली असतात, मग काम बाईंनी केलेलं असो वा पुरुषाने. रकान्याच्या व्याकरणावरून 'हे पुरुषाने काढलं' असा निष्कर्ष काढू नका. सही पाहा, आडनावाचा शेवट पाहा. आडनाव संक्षिप्त असेल तर तक्त्यातल्या नमुन्याशी ताडून पाहा. तिन्ही रकान्यांतली नावं वेगवेगळी नोंदवा. 'रेखाटलं' च्या पुढे तिचं नाव असेल तर तिला रचनाकार म्हणू नका, आणि 'रचनाकार' मध्ये ती असेल तर तिला मदतनीस करून टाकू नका. दोन्ही चुका सारख्याच वाईट.

हाताने लिहिलेली सिरिलिक अक्षरं फसवतात. 'त' हा रोमन एमसारखा दिसतो, 'द' जीसारखा, 'प' एनसारखा आणि 'इ' यूसारखा. आडनावाचं पहिलं अक्षर चुकलं की शोध भलत्याच बाईंकडे जातो, म्हणून वाचून झालेलं नाव बल्गेरियन जाणणाऱ्या कोणाकडून एकदा पडताळून घ्या. तारखेत महिना रोमन अंकांत लिहिण्याची रीत आहे. मधला आयएक्स हा सप्टेंबर असतो.

तारीखच नसेल तर दोन खुणा फार उपयोगी पडतात.

पहिली, शुद्धलेखन. १९४५ च्या सुधारणेने बल्गेरियन वर्णमालेतून 'यात' आणि 'मोठा युस' ही दोन अक्षरं गेली आणि व्यंजनान्त शब्दांच्या शेवटी लिहिलं जाणारं मूक अक्षरही गेलं. टायटल ब्लॉकवर ही जुनी अक्षरं दिसली तर शीट बहुधा १९४५ च्या आसपासची किंवा त्याआधीची. बहुधा, कारण हाताची सवय कायद्याने लगेच सुटत नाही. छापील मजकुरात जुनी अक्षरं असतील तर पुरावा जास्त भक्कम, पण जुने छापील ब्लॉक उरलेले असतील तेही पुढे वापरले गेले असू शकतात.

दुसरी खूण म्हणजे गावांची नावं. वार्ना शहराचं नाव १९४९ ते १९५६ या काळात 'स्टालिन' होतं. त्या नावाची शीट सापडली तर सात वर्षांची चौकट आपोआप मिळते. पेर्निकचं 'दिमित्रोवो' १९४९ ते १९६२, शुमेनचं 'कोलारोवग्राद' १९५० ते १९६५, दोब्रिचचं 'तोल्बुखिन' १९४९ ते १९९०. ब्लागोएवग्राद १९५० पर्यंत 'गोर्ना जुमाया' होतं. दिमित्रोवग्राद हे शहर तर वसवायलाच १९४७ मध्ये सुरुवात झाली, म्हणून त्याचं नाव असलेली शीट त्याआधीची असूच शकत नाही. नोंदीत जुनं नाव मूळ म्हणून ठेवा, आजचं नाव शोधासाठी जोडा.

नुसत्या शैलीवरून साल ठरवू नका. खांब, कार्निस आणि सममिती दिसली की '१९५० च्या दशकाचा पूर्वार्ध' म्हणण्याचा मोह होतो. तो अंदाज असेल तर 'अंदाजे' लिहा आणि कशावरून तेही लिहा.

१९४३-४४ मध्ये सोफियावर दोस्त राष्ट्रांचे बॉम्बहल्ले झाले, ३० मार्च १९४४ चा सर्वांत मोठ्या हल्ल्यांपैकी. शहराच्या मध्यभागातल्या युद्धपूर्व इमारतीचं ड्रॉइंग हाती आलं तर ती इमारत आज उभी आहे का, हे पाहून मगच शीटची प्राथमिकता ठरवा. इमारत गेलेली असेल तर ते ड्रॉइंग सगळ्यांत आधी स्कॅन करा.

कागद ओळखा, मगच पुढचं पाऊल

इथे घाई केली तर नुकसान कायमचं होतं. एका रोलमध्ये चार-पाच प्रकारचे कागद एकत्र असू शकतात आणि एकाला जे मानवतं ते दुसऱ्याला मारतं.

ट्रेसिंग पेपर, ज्याला बल्गेरियात 'पाउस' म्हणतात, हा सर्वांत जास्त सापडतो. पारदर्शक व्हावा म्हणून त्याचा लगदा फार वेळ कुटतात, आम्लातून काढतात किंवा तेल-राळेत भिजवतात. म्हणून तो पिवळा, ठिसूळ होतो आणि कडेपासून चिरत जातो. ओलावा लागला की फुगतो आणि सुकताना कायमच्या लाटा उठतात.

ट्रेसिंग क्लॉथ हे खरं तर सुती कापड, पिष्टाची खळ देऊन घोटलेलं. दिसायला देखणं, मजबूत, पण पाण्याचा एक थेंब पडला तरी खळ विरघळून पांढरा डाग पडतो आणि शाई पसरते. याला वाफही देऊ नका.

ब्लूप्रिंट म्हणजे निळ्यावर पांढऱ्या रेघा. ही सायनोटाइप पद्धत १८४२ मध्ये जॉन हर्शेलने शोधली. हा निळा रंग अल्कलीने उडतो, म्हणून ग्रंथालयांत सरसकट वापरली जाणारी बफर केलेली, म्हणजे अल्कली मिसळलेली, फोल्डर इथे चालत नाहीत. उदासीन, म्हणजे बफर नसलेली घ्या. उजेडात रंग फिका पडतो, अंधारात ठेवल्यावर थोडा परततो, पण त्या भरवशावर प्रदर्शनात लावून ठेवू नका.

अमोनिया प्रिंट किंवा डायझो, बल्गेरियन भाषेत 'ओझालिद', यात फिक्या कागदावर निळ्या, काळ्या किंवा जांभळट रेघा असतात. वास घेतला तर कधी कधी अजून येतो. पार्श्वभूमी कडेकडून तपकिरी होत जाते. यातून सुटणारे वायू शेजारच्या कागदांना, विशेषतः फोटोंना, खराब करतात. म्हणून डायझो नेहमी वेगळे ठेवा, तेही उदासीन फोल्डरमध्ये. मूळ ट्रेसिंग आणि त्याचा डायझो, दोन्ही असतील तर मूळ महत्त्वाचं. पण डायझोवर लाल पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या असतील तर तो नुसती प्रत राहत नाही, तो निर्णयांचा पुरावा असतो. असा डायझो कधीही 'दुबार प्रत' म्हणून काढून टाकू नका. साइटवर काय बदललं आणि कोणी बदललं, हे बहुतेक वेळा फक्त तिथेच लिहिलेलं असतं.

जाड ड्रॉइंग पेपर (तिकडचा शब्द 'कादास्त्रोन') बहुधा विद्यार्थिदशेतला किंवा स्पर्धेसाठीचा असतो. त्यावर शाईच्या आणि जलरंगाच्या पातळ थरांनी छाया दिलेल्या असतात. हे रंग ओलाव्याने हलतात.

पॉलिस्टर फिल्म १९५० च्या दशकापासून दिसते. ती मजबूत असते, पण तिच्यावरची शाई आणि पेन्सिल वरवर बसलेली असते, घासली की निघते. शिसपेन्सिल, कोळसा, खडू असलेली कोणतीही शीट पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात घालू नका. स्थिर विजेने रेघांची भुकटी पाकिटाला चिकटते.

रोल सपाट करणं

कागद लवचीक असेल तर वाफेची गरजच नाही. स्वच्छ टेबलावर टीपकागद पसरा, रोलची मोकळी कड दाबून धरा, हळूहळू उलगडत जा आणि मागे मागे वजनं ठेवत चला. वजनं कापडात गुंडाळलेली हवीत. हात धुतलेले आणि कोरडे असावेत. कागदासाठी सुती हातमोजे नकोत, त्यांनी बोटांचा अंदाज जातो आणि फाटकी कड अडकते. टेबलावर फक्त शिसपेन्सिल. वर कोरडी धूळ असेल तर मऊ ब्रशने मधून बाहेरच्या दिशेने झटका. काजळी पुसायचा रबरी स्पंज शाईच्या शीटच्या रिकाम्या भागावर चालतो, पेन्सिलीच्या रेघांवर कधीही नाही.

उलगडताना कडकड आवाज आला, कडेला चीर पडू लागली, तर थांबा. मग दमट पेटीचा उपाय आहे, पण तो फक्त साध्या कागदासाठी आणि न विरघळणाऱ्या शाईसाठी. ट्रेसिंग क्लॉथ, जलरंग, फोटो यांना तो वर्ज्य आहे आणि ट्रेसिंग पेपर तज्ज्ञाकडेच द्या. शाई तपासायला एका नगण्य रेघेवर बारीक ब्रशने पाण्याचा टिपूस ठेवा, अर्ध्या मिनिटाने टीपकागदाने टिपा. रंग उतरला तर तो रोल बाजूला. शीटवर रंग वेगवेगळे असतील तर प्रत्येकाची चाचणी वेगळी घ्या. काळी शाई टिकली म्हणून शिक्क्याची जांभळी शाई टिकेल असं नाही.

१. ६० ते ८० लिटरचा झाकणाचा प्लास्टिक डबा घ्या. तळाला ३-४ सेंटिमीटर पाणी.

२. आत पाण्याच्या वर राहील असा जाळीचा स्टँड किंवा भोकं असलेला लहान डबा ठेवा आणि त्यात रोल सैल करून उभे करा. एका वेळी दोन-तीनच.

३. झाकणाच्या आतून टीपकागद लावा. हे विसरलात तर झाकणावर जमलेले थेंब थेट ड्रॉइंगवर पडतात आणि डागाची कड कायमची उमटते.

४. चार तासांनी पहिल्यांदा पाहा, मग दर दोन तासांनी. कागद हाताला थंड आणि नरम लागला की काढा. ओला लागला तर उशीर झाला. रात्रभर ठेवून घरी जाऊ नका; इतक्या आर्द्रतेत एक-दोन दिवसांत बुरशी धरते.

५. शीट उलगडून खाली-वर न विणलेलं पॉलिस्टर कापड, त्याबाहेर टीपकागद, त्यावर सपाट फळी आणि सगळीकडे सारखं वजन. ए-एक आकाराला १० ते १५ किलो पुरे. टीपकागद अर्ध्या तासाने बदला, मग दोन-तीन तासांनी, मग दुसऱ्या दिवशी. त्यानंतर आठवडाभर तरी हलवू नका.

सहाव्या दिवशी सपाट दिसते म्हणून काढलेली शीट ड्रॉवरमध्ये पुन्हा लाटा घेते, कारण मधला भाग आतून ओला राहिलेला असतो. मुंबई, कोकण किंवा गोव्यात असं काम करत असाल तर पावसाळ्यात दमट पेटी लावूच नका; शीट सुकतच नाही.

चिकटपट्टी ओढू नका. जुन्या पट्टीचा गोंद कागदात शिरलेला असतो, पट्टीबरोबर रेघही निघते. नोंद करा आणि कागद-संवर्धकाकडे सोपवा. स्टेपल काढताना खाली पॉलिस्टरची पातळ पट्टी सरकवा म्हणजे टोक कागदाला खरवडत नाही. गंजलेल्या टाचण्या, क्लिपा काढाच, पण कोणत्या शीट एकत्र टाचल्या होत्या ते आधी लिहून ठेवा.

ठेवण

सपाट शीट रंगवलेल्या पोलादी प्लॅन-चेस्टमध्ये, उथळ ड्रॉवरांत ठेवा. खोली ५ सेंटिमीटरच्या आसपास. एका फोल्डरमध्ये १० ते १२ शीट, पातळ असतील तर २० पर्यंत. फोल्डर ड्रॉवरच्या मापाचं घ्या. लहान फोल्डर ड्रॉवर उघड-बंद करताना मागे सरकतं आणि मागच्या फटीत शीट चुरगळते. हा प्रकार फार घडतो आणि तो सहज टाळता येतो.

ड्रॉवरमध्ये न मावणाऱ्या शीट रोल करूनच ठेवा, मात्र नळीच्या आत कोंबू नका. किमान १० सेंटिमीटर व्यासाची नळी घ्या, ती शीटपेक्षा दोन्हीकडून थोडी लांब असू द्या, तिला आम्लमुक्त कागद गुंडाळा, शीट बाहेरून गुंडाळा, वर पुन्हा एक आवरण आणि रुंद सुती फीत. एका नळीवर चार ते सहा शीट.

तापमान २१ अंशांखाली, सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्के. आकड्यापेक्षा स्थिरता महत्त्वाची: दिवसा एसी आणि रात्री बंद, ही सर्वांत वाईट व्यवस्था. प्रदर्शनात प्रकाश ५० लक्सपेक्षा जास्त नको आणि तोही मोजक्या आठवड्यांसाठी.

शीटवर क्रमांक मागच्या बाजूला, उजव्या खालच्या कोपऱ्यात, मऊ शिसपेन्सिलीने, कडक पृष्ठभागावर ठेवून लिहा. फिल्मवर लिहू नका, फोल्डरवर लिहा.

स्कॅन आणि नोंद

ठिसूळ शीट रोलरच्या स्कॅनरमध्ये घालू नका. एकदा अडकली की संपली. वरून कॅमेरा लावा किंवा मोठा फ्लॅटबेड वापरा. मूळ आकाराला ३०० पीपीआय (इंचामागे पिक्सेल) पुरतं, बारीक पेन्सिलीसाठी ४००. ए-शून्य शीट ३०० पीपीआयवर रंगीत आणि असंपीडित (कॉम्प्रेस न केलेल्या) टिफमध्ये ४०० एमबीच्या पुढे जाते, म्हणून डिस्कचा हिशेब आधी करा. चौकटीत रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवा. मोजपट्टी नसेल तर पुढे कोणी १:५० वरून माप घेऊ शकत नाही. मागची बाजूही स्कॅन करा; आकडेमोड, फोन नंबर, कच्ची स्केचेस तिथेच असतात. फोन नंबरसारखी खाजगी माहिती खुल्या प्रतीत झाका. फाइल तीन ठिकाणी ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या शहरात. चेकसम (फाइल बदलली किंवा बिघडली का ते दाखवणारा आकडा) काढून ठेवा आणि वर्षातून एकदा जुळवा.

नोंद आधी प्रकल्पनिहाय करा, शीटनिहाय नंतर. प्रत्येक प्रकल्पाला नाव, मूळ आणि आजचं गाव, साल किंवा सालांची चौकट, टप्पा, संस्था, तिन्ही सहीरकाने, कागदाचा प्रकार, शीटची संख्या. सगळ्यांत महत्त्वाचा रकाना 'श्रेय कशावरून': सही, हस्ताक्षर, घरच्यांचं सांगणं की नोकरीचा काळ. सही असेल तर पक्कं. घरच्यांचं सांगणं असेल तर 'घरच्यांच्या सांगण्यानुसार' असंच लिहा, कधी सांगितलं ते साल घाला, आणि नंतर पुरावा मिळाला की नोंद बदला. कशाचाच आधार नसेल तर 'अनिश्चित' लिहून त्याच रोलमधल्या सही असलेल्या शीटचा क्रमांक द्या. पुढचा अभ्यासक तिथून सुरू करेल.

संग्रह एखाद्या संस्थेला देताना दानपत्रात दोन गोष्टी वेगळ्या लिहा: कागदाची मालकी आणि प्रताधिकार. कागद दिला म्हणून प्रताधिकार जात नाही. बल्गेरियन कायद्यात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो, भारतात ६०. प्रती छापायला, ऑनलाइन ठेवायला परवानगी कोण देणार, ते वारसांकडून लेखी घ्या. संस्थेला काय नको असेल ते परत करायचं की टाकायचं, हेही दानपत्रातच ठरवा, आणि 'टाकण्याआधी वारसांना विचारावं' ही ओळ आग्रहाने घाला. तुमचा कारकिर्दीचा तक्ता आणि रोल मूळ क्रमात असतानाचे फोटो संग्रहाबरोबरच द्या, आणि त्यांचा उल्लेख दानपत्राच्या यादीत येईल असं पाहा.